दुखतं कमरेत, व्यायाम मात्र खुब्याचा?

पत्र : मी ४८ वर्षांची शिक्षिका. चार वर्षांपासून कमरेच्या खालच्या भागात दुखतं. सकाळी दात घासताना बेसिनवर वाकले की कंबर धरते. तासभर फळ्यासमोर उभी राहिले की उजवीकडे ठणका लागतो. खुर्चीतून उठल्यावर पहिली दोन-तीन पावलं वाकूनच टाकावी लागतात. पायात कळ उतरत नाही, मुंग्याही येत नाहीत. एमआरआयमध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी थोडी बाहेर आल्याचं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. दोन वर्षं पट्टा लावते आहे. आता फिजिओथेरपिस्टने तपासून खुब्याचे आणि नितंबांचे व्यायाम दिले. मनात आलं, दुखणं हल्याला आणि डाग पखालीला! तरी बारा दिवस केले. फरक शून्य, उलट मांडीच्या मागे गोळे यायला लागले, म्हणून सोडून दिले. या व्यायामांचा खरंच उपयोग असतो का? आणि असेल तर किती दिवस करायचे?
ता. क. रात्री कुशीवर झोपलं की वरच्या बाजूचा खुबा ओढल्यासारखा होतो. त्यावरही काही सुचवा.

उत्तर :

प्रिय ताई,

तुमची म्हण वाचून हसू आलं, पण ती मी तुमच्यावरच उलटवणार आहे. चार वर्षं मलम, शेक, पट्टा, जे काही झालं ते सगळं कमरेला. बिचारी दुखते म्हणून सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. पण ती दुखते का, तर शेजारचा कामचुकारपणा करतो आणि त्याच्या वाटचं काम तिच्या गळ्यात पडतं. तो शेजारी म्हणजे खुबा. तुमच्या फिजिओथेरपिस्टने डाग योग्य जनावराला दिलाय, असं मला तुमच्या पत्रावरून तरी वाटतं.

आधी खुबा नेमका कुठे, ते बघू. 'कमरेवर हात ठेवा' म्हटलं की आपण पोटाच्या बाजूला लागणाऱ्या हाडाच्या कडेवर हात टेकवतो. तिथून तळहातभर खाली या. मांडीच्या बाहेरच्या अंगाला एक टणक उंचवटा लागेल. तो मांडीच्या हाडाचा वरचा कोपरा. खुब्याचा सांधा त्याच्या आत, जांघेच्या बाजूला खोल बसलेला असतो. गोल वाटीत गोल चेंडू अशी त्याची रचना, त्यामुळे पुढे, मागे, बाजूला, गोल, कुठेही फिरायला तो मोकळा. कमरेच्या पाच मणक्यांचं तसं नाही. ते पुढे-मागे बऱ्यापैकी वाकतात, पण वळायचं म्हटलं तर दोन मणक्यांमध्ये जेमतेम दोन-तीन अंशांची मुभा असते. पाय जमिनीला चिकटवून, मागच्या बाकावरची वह्यांची चळत उचलायला तुम्ही गर्रकन वळता, तेव्हा खुबा फिरला नाही तर तो सगळा पीळ या पाच मणक्यांवर पडतो. बेसिनवर वाकतानाही तेच. खुब्यातून वाकायच्या ऐवजी आपण पाठीची कमान करतो, आणि ब्रश करून होईपर्यंत तशाच अवघडलेल्या उभ्या राहतो.

खुब्याला हलवणारे दोन स्नायू तुमच्यासाठी महत्त्वाचे. पहिला ग्लुटिअस मॅक्झिमस, म्हणजे आपण ज्यावर बसतो तो. साध्या मराठीत कुल्ला. (हा शब्द छापताना भुवया उंचावतात हे मला माहीत आहे, पण 'पार्श्वभाग आवळा' असं सांगितलं की लोक नेमकं काय आवळायचं याचाच विचार करत बसतात.) शरीरातला हा सर्वांत मोठा स्नायू. उठणं, जिना चढणं, वाकून परत सरळ होणं, ही त्याची कामं. दुसरा ग्लुटिअस मीडिअस. हा खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, पँटच्या खिशाच्या थोडा वर आणि मागे असतो. आपण एका पायावर आलो की दुसऱ्या बाजूची कंबर खाली लोंबू नये म्हणून हा धरून ठेवतो. चालणं म्हणजे सतत या पायावरून त्या पायावर जाणं, त्यामुळे याला प्रत्येक पावलाला काम. तेही हलकं नाही. एका पायावर उभं असताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो, कारण या स्नायूला अगदी आखूड दांड्यावरून सगळं धड तोलावं लागतं.

फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये याची एक साधी खूण सांगितली. ती आजही वापरतात आणि तुम्हाला आरशासमोर बघता येईल. दोन्ही हातांची बोटं कमरेच्या हाडाच्या कडांवर ठेवा. उजव्या पायावर उभ्या राहा, डावा पाय जमिनीपासून थोडा उचला आणि तीस आकडे मोजा. डावीकडचा हात हळूहळू खाली जातोय का? किंवा तोल सांभाळायला छाती उजवीकडे कलतेय का? तसं होत असेल तर कमजोर बाजू उजवी, म्हणजे जिच्यावर उभ्या आहात ती. लोक इथे हमखास गडबडतात, लोंबणारी बाजूच दोषी समजतात. तुमचा ठणका उजवीकडेच आहे, म्हणून ही चाचणी करून बघाच. त्यावरून निदान होत नाही, पण आपलं शरीर काय करतं ते डोळ्यांनी दिसतं.

आता ते गोळे. बारा दिवसांत मांडीच्या मागे गोळे आले, एवढ्या एका वाक्यावरून मला तुमचा व्यायाम समोर दिसतो. तुम्हाला ब्रिज दिला असणार. उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची, तो. आणि तुमच्या टाचा कुल्ल्यांपासून लांब असणार. टाचा लांब गेल्या की भार मांडीच्या मागच्या स्नायूवर जातो, तो आखडतो आणि गोळा येतो. कुल्ला मजेत पडून राहतो. यात लाजण्यासारखं काही नाही. माझी स्वतःची कंबर धरली होती तेव्हा मी रोज 'व्यवस्थित' ब्रिज करत होते, निदान माझी तशी समजूत होती. एका सहकारिणीने मी वर असताना बोटाने टोचून दाखवलं. मांडी दगड आणि कुल्ला लोण्यासारखा मऊ! शिकवणारी मी, आणि हे हाल.

म्हणून ब्रिज पुन्हा पहिल्यापासून करू. उताण्या झोपा, गुडघे दुमडा, पावलं एकमेकांपासून खुब्यांच्या रुंदीएवढी लांब. हात अंगाजवळ सरळ ठेवले तर बोटांची टोकं टाचांना जेमतेम लागली पाहिजेत, एवढ्या टाचा जवळ घ्या. उचलण्याच्या आधी कुल्ले आवळा. आवळल्यावर माकडहाड किंचित वर वळेल आणि कमरेखालची पोकळी जमिनीला टेकेल. तिथे क्षणभर थांबा, कारण खरा व्यायाम इथे सुरू होतो. मग टाचांनी जमीन दाबत वर या. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक सरळ उतार झाला की पुरे. आणखी वर जायचा मोह होतो, पण तिथून पुढची उंची खुबा देत नाही, कमरेची कमान देते, आणि 'ब्रिजने माझी कंबर जास्तच दुखते' ही तक्रार तिथूनच येते. वर असताना मोठ्याने पाचपर्यंत मोजा. मोठ्याने अशासाठी, की बोलताना श्वास कोंडता येत नाही. मग तीन आकड्यांत सावकाश खाली. आणि मध्येच एकदा बोटाने टोचून बघा. कुल्ला टणक लागला पाहिजे. मांडीत ओढ जाणवली तर टाचा आणखी थोड्या जवळ घ्या, किंवा थोडं कमी उचला.

दुसरा व्यायाम ग्लुटिअस मीडिअससाठी. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. दिसायला इतका सोपा की सगळेच तो चुकीचा करतात. पाय हळूहळू पुढे येतो, चवडा छताकडे वळतो, कंबर मागे कलंडते, आणि काम जांघेच्या पुढचा स्नायू करून टाकतो. यावर भिंतीसारखा मास्तर नाही. पाठ भिंतीकडे करून, भिंतीला जवळजवळ चिकटून डाव्या कुशीवर झोपा. खालचा गुडघा दुमडलेला, वरचा पाय सरळ आणि त्याची टाच भिंतीला टेकलेली. चवडा समोर, किंवा किंचित जमिनीकडे. आता टाच भिंतीवरून न सोडता घासत वर न्या. फूटभर वर गेली तरी खूप झालं. टाच भिंतीपासून सुटली की समजायचं, लबाडी सुरू झाली. सात-आठ वेळा नीट केलं तर पँटच्या मागच्या खिशापाशी आग व्हायला लागते. ती झाली की तुम्ही बरोबर ठिकाणी पोहोचलात. पायमोजा घाला म्हणजे टाच अडकत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे वाकायला नव्याने शिकणं. तुमच्या बेसिनच्या तक्रारीवर मला वाटतं हाच सर्वांत जास्त उपयोगी पडेल, म्हणून बाकी काही झालं नाही तरी एवढं रोज करा. एक लांब काठी घ्या, केरसुणीचा दांडा चालेल. ती पाठीमागे उभी धरा, अशी की डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्हीला टेकेल. भिंतीकडे पाठ करून पाऊलभर अंतरावर उभ्या राहा. गुडघे किंचित सैल. आता वाकायचा विचारच करू नका. दोन्ही हातांत सामान आहे आणि मागचं दार कुल्ल्याने ढकलायचंय, असं समजा. कुल्ले मागे, मागे, भिंतीला टेकेपर्यंत. धड आपोआप पुढे झुकेल. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर वाकणं खुब्यातून झालं. माकडहाडापासून सुटली तर पाठ गोल झाली. पहिल्या दिवशी ती सुटतेच. दहा वेळा करा, मग भिंतीपासून आणखी दोन बोटं पुढे सरका. आठवडाभराने हेच बेसिनपाशी न्या : एक हात बेसिनच्या कडेवर, कुल्ले मागे, आणि मग तोंडात ब्रश.

म्हणजे पाठ कधी गोल करायचीच नाही, असं मात्र समजू नका. पाठ वाकण्यासाठीच असते. सध्या ती चिडलेली आहे म्हणून तिला थोडा आराम देतोय, इतकंच.

चौथा प्रकार, खुर्चीतून उठणं. हात न टेकता, पावलं थोडी मागे घेऊन, छाती पुढे झुकवत उठा आणि तीन आकडे मोजत सावकाश बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया. उठल्यावर पहिली पावलं वाकून पडतात, त्यासाठी मात्र वेगळं काही हवं. कमरेच्या मणक्यांच्या बाजूने निघून, जांघेतून खाली मांडीच्या हाडापर्यंत जाणारा सोआस नावाचा एक स्नायू असतो. बराच वेळ बसल्यावर खुब्याची पुढची बाजू आखडल्यासारखी वाटते, त्यात त्याचा वाटा असू शकतो. उजवा गुडघा उशीवर टेकवून, डावं पाऊल पुढे ठेवून बसा, उजवा कुल्ला आवळा आणि तसंच किंचित पुढे सरका. जांघेत ओढ येईल. तीस सेकंद, मग दुसरी बाजू. छाती मागे टाकून कमान करू नका, बस.

किती करायचं? ब्रिज, कुशीवरचा भिंतीचा व्यायाम आणि खुर्ची, हे तिन्ही आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. प्रत्येकाच्या आठ ते बारा आवर्तनांच्या दोन फेऱ्या. शेवटची दोन आवर्तनं जड गेली पाहिजेत, नाहीतर ती नुसती कवायत. बारा सहज जमायला लागली की ब्रिज एका पायावर आणा, खुर्चीवरून उठताना छातीशी वजन धरा. लोक इथेच कमी पडतात : सहा महिने तोच सोपा व्यायाम करत राहतात आणि म्हणतात, आता काही फरक पडत नाही. स्नायूला जड काम दिलं नाही तर तो वाढणार कशासाठी?

दुखलं तर काय, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. शून्य ते दहाच्या मापावर तीन-चारपर्यंतचं दुखणं व्यायाम करताना चालेल, पण ते चोवीस तासांत पहिल्या पातळीवर यायला हवं. तसं आलं नाही तर पुढच्या वेळी आवर्तनं निम्मी करा, बंद करू नका. कुल्ल्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारा जडपणा वेगळा. तो न सरावलेल्या स्नायूचा रुसवा असतो, दोन-तीन दिवसांत निवळतो.

बारा दिवसांत फरक शून्य, असं तुम्ही म्हणता. बारा दिवसांत मलाही काही दिसलं नसतं. पहिले काही आठवडे स्नायू वाढत नाही, मेंदू आणि नसा त्याला कामाला जुंपायला शिकतात. स्नायू भरायला त्यापुढे आणखी महिना-दीड महिना. चार वर्षांच्या दुखण्याला बारा दिवसांऐवजी बारा आठवडे द्या. आणि रोज 'आज किती दुखलं' हे मोजू नका, त्याने दुखणंच मोठं होतं. त्यापेक्षा फळ्यासमोर किती मिनिटांनी ठणका लागला ते दर रविवारी वहीत लिहा. दुखण्याच्या आधी हा आकडा हलतो, असा माझा अनुभव आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खुबा कमजोर असलेल्या सगळ्यांचीच कंबर दुखत नाही, आणि खुब्याचे व्यायाम बाकी सगळ्या व्यायामांना मागे टाकतात असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. जुनाट कंबरदुखीवर व्यायामाचे जे प्रयोग झाले, त्यांतल्या २४९ प्रयोगांचा कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, २०२१ मध्ये आढावा घेतला. काहीच न करण्यापेक्षा व्यायामाने बहुधा आराम पडतो, हा त्याचा निष्कर्ष. म्हणून 'पाठीचेच का नाही' याचं उत्तर : तेही चालतील. तुमचं दुखणं उभं राहण्यात, उठण्यात आणि वाकण्यात आहे, आणि तिन्ही कामं खुब्याची आहेत, म्हणून मी खुब्यापासून सुरुवात करेन. 'तुमचे कुल्ले झोपलेत, त्यांना जागं करा' असल्या व्हिडिओंच्या नादी मात्र लागू नका. कुल्ले खरंच झोपले असते तर तुम्ही जिना चढू शकला नसता.

एमआरआयची धास्ती पत्रात शब्दांत नाही, पण जाणवते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र केल्या होत्या. त्यात गादी बाहेर आलेली चाळिशीच्या निम्म्या लोकांत दिसली आणि पन्नाशीच्या ६० टक्के लोकांत. न दुखणाऱ्या लोकांत, बरं का. पिकणाऱ्या केसांसारखंच आहे ते बरंचसं. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत, मग त्या एका ओळीला फार मान देऊ नका.

पट्ट्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायामाची शिफारस आहे, आणि पट्टा बहुतेकांना नेहमीचा उपाय म्हणून सुचवू नये असं म्हटलंय. पट्ट्याने स्नायू पार वाया जातात, हेही खरं नाही, त्यामुळे घाबरून एका दिवसात फेकू नका. आधी घरी काढा, मग शाळेत पहिल्या दोन तासांना. कठीण दिवशी लावलात तर अपराधी वाटून घेऊ नका.

मात्र काही लक्षणं दिसली तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. लघवी अडणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बसतो त्या जागेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पाय लुळा पडत जाणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी, तासाचाही उशीर न करता. ताप, कारण नसताना घटणारं वजन, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर, किंवा कुठल्याच कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं, हेही आधी तपासून घ्यायला हवं.

फळ्यासमोर उभ्या असताना तुम्ही एका पायावर भार टाकून, त्या बाजूचा खुबा बाहेर काढून उभ्या राहता का, ते मुलींना विचारा. वर्गातल्या मुली हुबेहूब नक्कल करून दाखवतील. असाल तर एखादं बुटकं पाटासारखं काही ठेवा आणि आलटून पालटून एकेक पाय त्यावर घ्या.

आता ता. क. चं उत्तर, ते याच सवयीशी जोडलेलं आहे. कुशीवर झोपल्यावर वरचा गुडघा पुढे येऊन गादीवर टेकतो, मांडी आत वळते आणि बाहेरच्या अंगाचे स्नायू व त्यांच्या दोऱ्या खुब्याच्या त्या टणक उंचवट्यावर रात्रभर ताणून दाबल्या जातात. उपाय साधा : दोन्ही पायांमध्ये उशी. पण ती गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरेल एवढी लांब आणि मांडी जमिनीला समांतर राहील एवढी जाड हवी. नुसती गुडघ्यांत धरली तर पाऊल खाली लोंबतं, पाय पिळला जातो आणि खुब्याची ओढ तशीच राहते. पहिल्या दोन-तीन रात्री ती झोपेत निसटेल. जाग आली की परत ठेवा.